हात कुठं जातो

मसाज गन घ्यायला गेलेला माणूस दुकानात ती पहिल्यांदा स्वतःच्या मांडीला लावतो. बीडचा सुभाष रोड असो नाहीतर पुण्यातला झगमगीत मॉल, हे ठरलेलं. यंत्र घुर्र करतं, मांडी थरथरते, माणूस खुश होऊन मान डोलावतो आणि विचारतो, कितीला? आता मांडी म्हणजे अंगावरची चांगली भरलेली जागा. तिला कुठलंही यंत्र बरंच वाटतं. पण बहुतेकांची मांडी दुखतच नसते. दुखत असते कंबर, मानेखालची जागा, पोटरी, टाच. आणि पुष्कळदा दुखत असतं ते घरी राहिलेल्या माणसाचं. ते दुकानात आलेलंच नसतं.

म्हणून यंत्र घ्यायचं मनात आलं, की चार-आठ दिवस थांबावं. घरात नुसतं बघत राहावं, कुणाचा हात कुठं जातो. आई भाकरी थापून उठते तेव्हा तिचा हात आपोआप कमरेवर जातो. वडील मोटारसायकलवरून उतरले की मानेमागं हात नेऊन बोटांनी दाबतात. भरतीची तयारी करणारी मुलगी पहाटे पळून येते, पायरीवर टेकते आणि बूट काढायच्या आधी पोटरी चेपते. आजी गुडघा धरून उठते, गुडघा धरून बसते. तक्रार यातल्या कुणाचीच नसते. पण हात जातो तो नेमक्या जागी जातो. आणि तो दिवसातून किती वेळा जातो, हे त्या माणसाला स्वतःलाही माहीत नसतं.

तोंडानं विचारलं तर पहिलं उत्तर ठरलेलं, "काही नाही." फार तर, "जरा अंग मोडून आलंय, होईल कमी." आपण ते ऐकतो आणि पुढं जातो, कारण आपल्यालाही घाई असते. डबा भरायचा असतो, बस धरायची असते. पण दुसऱ्यांदा विचारलं, आणि विचारून तिथंच जरा उभं राहिलं, तर वेगळं उत्तर येतं. "इथं, खुब्याच्या वर. रात्री कूस बदलताना कळ येते." एवढं कळायला दोन वेळा विचारावं लागतं. कधी तीन वेळा.

या "काही नाही"ला आपल्या बीड जिल्ह्यात मोठं कारण आहे. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी इकडच्या गावांतून माणसं ऊसतोडीला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने कोपीत काढायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फेडायची. बाईनं पहाटे अंधारात उठून स्वयंपाक करायचा, मग दोघांनी फडात जायचं. दिवसभर वाकून तोडायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची. मोळी तीस-चाळीस किलोची भरते. ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं, मोळी टाकायची, उतरायचं, परत चढायचं. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, बरं झालं. मोळीचं वजन मात्र तेवढंच राहिलं. आणि या सगळ्यात एक दिवस अंग टाकून पडलं तर खाडा. खाडा पडला की पैसे कापले जातात. दुखण्याची किंमत अशी रोख मोजावी लागत असेल, तर माणूस दुखणं बोलणार कशाला? गोळी घेईल, वर पाणी पिईल आणि कोयता उचलेल.

गावी परत आल्यावरही ही सवय लगेच सुटत नाही. जे कधी फडात गेले नाहीत त्यांच्याही घरात ती दिसते. शाळेत दिवसभर फळ्यापुढं उभ्या राहणाऱ्या बाई, तहसीलमध्ये संगणकासमोर मान वाकवून बसलेला कारकून, कापडाचे गठ्ठे काढणारा-ठेवणारा दुकानातला माणूस, सगळे दुखणं अंगावरच काढतात. त्यात मोठेपणा आहे असं कुणी म्हणत नाही. तशी रीतच पडून गेली आहे.

दुखण्यातही मात्र दोन जाती आहेत, आणि यंत्र घेण्याआधी त्या ओळखायला शिकावं. एक दुखणं कष्टाचं. बऱ्याच दिवसांनी पळालं, गड-घाट चढून उतरलं, पोती उचलली, की त्या दिवशी फारसं काही वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जीव जातो. पुष्कळांची समजूत अशी, की स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठलं. ते तर तास-दोन तासांत निघून गेलेलं असतं. खरं कारण वेगळं आहे. स्नायू लांबत असतानाच त्याला भार झेलावा लागला, की त्याच्या बारीक धाग्यांना इजा होते आणि ती भरून येताना ठणका लागतो. उतार उतरताना हे जास्त होतं. उडी मारून पाय टेकतानाही होतं. म्हणून बालाघाटाचा चढ दमवतो आणि उतार दुखवतो.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ज्या शर्यतीत पळतो ती तीन हजार मीटरची स्टीपलचेस बघा. तिच्यात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. म्हणजे एका शर्यतीत पस्तीस वेळा उडी घेऊन खाली यायचं, अंगाचा भार पायावर झेलायचा आणि थांबायचं नाही. वीटभट्टीवर राबलेल्या आईबापांचं हे पोर. घरापासून सहा किलोमीटरवरची शाळा त्यानं पायानंच गाठली. बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं रौप्य मिळवलं, २०२३ मध्ये हांगझोला आशियाई स्पर्धेचं सुवर्ण. अशा खेळाडूंचे पाय दुखत नसतील असं थोडंच आहे. पण कालच्या सरावाचं दुखणं कोणतं आणि जपायला लावणारं दुखणं कोणतं, हे त्यांना ओळखावंच लागतं. पहिलं तीन-चार दिवसांत आपोआप ओसरतं. मसाज गन आहे ती या पहिल्या जातीच्या दुखण्यासाठी. त्या चार दिवसांत ती जरा आराम देते, एवढंच.

दुसरी जात वेगळी. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं. रात्री झोपेतून उठवणारं. पायात मुंग्या आणणारं, हातातली पकड ढिली करणारं. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. त्या सरावात डांबरी रस्त्यावर रोज पळणाऱ्यांची नडगी दुखायला लागते. नडगीवर रुपयाएवढ्या जागीच दुखत असेल, दाबलं की कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तिथं ठोके मारणारं यंत्र लावायचं नसतं. पळणं थांबवून हाडाच्या डॉक्टरांना दाखवायचं असतं. बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. भरतीची तारीख जवळ आलेल्या पोराला हे सांगणं अवघड जातं, पण सांगावं लागतं.

आता यंत्राकडं वळू. हे यंत्र जन्माला आलं तेच दुखण्यातून. जेसन वर्सलँड या अमेरिकेतल्या कायरोप्रॅक्टरला २००७ मध्ये मोटारसायकलचा अपघात झाला आणि स्वतःच्या वेदनेसाठी त्यानं पहिलं ओबडधोबड यंत्र जुळवलं. आज त्याच्या नाना नकला हजार-दीड हजारापासून मिळतात. डब्यावर सगळ्यात ठळक छापलेली असते ती वेगांची संख्या. वीस वेग, तीस वेग. घरात त्यातले दोनच वापरात येतात, हळू आणि त्याहून जरा जास्त. बघायचं असतं ते दुसरंच. यंत्राचं डोकं आत-बाहेर किती सरकतं? भारी यंत्रांत बारा ते सोळा मिलिमीटर, हलक्यांत सात-आठ. त्याहून कमी असेल तर ते कातडीवर नुसतं थरथरतं, ठोका आत पोचत नाही. पैलवानाच्या मांडीला सोळा चालतील. आईच्या खांद्याला दहाच्या आसपास भरपूर झाले. मग दाब बघावा. यंत्र चालू करून तळहातावर जरा जोर देऊन टेकवावं. काही यंत्रं चढावर दम तोडणाऱ्या लुनासारखी जागीच बसतात. तसलं घेऊ नये. पण फार ताकदीचंही नको, कारण घरात ते कुणाच्याही हाती लागतं.

आणि वजन. याबद्दल दुकानात कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. किलोभर वजनाचं थरथरतं यंत्र दोन मिनिटं उचलून धरलं की मनगट भरून येतं. एकाचं दुखणं उतरवताना दुसऱ्याला चढायचं. आता डब्यावरचं चित्र आठवा. एक तगडा तरुण एकटाच उभा, स्वतःच्या दंडाला यंत्र लावून हसतोय. दंडाला लावणं सोपं आहे, पोटरीलाही. पण दोन फऱ्यांच्या मधली जागा, कमरेच्या वरचा पट्टा, मानेखालचा भाग, म्हणजे आपल्याकडं खरं दुखतं तिथं, स्वतःचा हात नीट पोचतच नाही. तिथं दुसरं माणूस लागतं. म्हणून ज्याचं दुखतं त्याच्याइतकाच यंत्र धरणाऱ्याच्या हाताचाही विचार करायचा. नातवानं आजीच्या पाठीला धरायचं असेल तर अर्ध्या किलोच्या आसपासचं बरं. आवाजही कमी हवा, नाहीतर आजी पहिल्याच घुर्र आवाजाला दचकून उठेल. चार्जर मोबाइलचाच चालतो का, बिघडलं तर गावात दुरुस्ती होते का, एवढं विचारून घेतलं की झालं. सोबत येणाऱ्या आठ-दहा डोक्यांचा मोह सोडावा. मऊ गोल डोकं आणि चपटं डोकं, एवढी दोनच घरात लागतात. टोकदार डोकं डब्यातच राहू द्यावं.

अंग रगडून घ्यायची चाल आपल्याकडं नवी नाही. तालमीत मेहनत झाली की पैलवान एकमेकांचं अंग रगडतात. पाटोद्याचा राहुल आवारे अशाच वातावरणात वाढला. आधी वडिलांच्या हाताखाली, मग पुण्यात रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांच्या तालमीत. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला त्यानं राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकलं, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य. तालमीत अंग रगडणं हे कामच असतं, त्यात लाजायचं काही नसतं. वारीचंही तसंच. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाईवरून पंढरीला जाते. मुक्ताईची पालखी बीड शहरातून जाते. वारीच्या वाटेवर लोक वारकऱ्यांचे पाय चेपतात, तळव्यांना तेल चोळतात. कुणाचे पाय, कुठल्या गावचे, विचारत नाहीत. धुळीनं भरलेल्या, भेगाळलेल्या टाचा मांडीवर घेताना कुणाचा हात अडखळत नाही.

अडखळतो तो घरात. वारकऱ्याचे पाय चेपणाऱ्या मुलानं घरी येऊन आईचे पाय धरले, तर आईच पाय मागं ओढते. "राहू दे, दमला असशील." नवऱ्यानं बायकोची पाठ चेपायची म्हटलं तर दोघांनाही दाराकडं बघावंसं वाटतं. सुनेला सासऱ्यांच्या पोटऱ्या दुखतात हे दिसत असतं, पण ती बामची बाटली खाटेजवळ ठेवते आणि बाजूला होते. माया कुणाचीच कमी नसते. तिला वाट काढून द्यावी लागते. इथं मला या यंत्राचा खरा उपयोग दिसतो. ते हातात असलं की संकोच ओसरतो. "नवीन आणलंय, बघू तरी कसं चालतं," म्हणत मुलगा आईमागं स्टूल टाकून बसू शकतो. आईही "बघ बाबा" म्हणून पाठ पुढं करते, कारण ती पाठ चेपून घेत नसते, यंत्र तपासायला मदत करत असते! दोन मिनिटं यंत्र चालतं. पण ती दोन मिनिटं मुलगा तिच्या पाठीशी बसलेला असतो, आणि नेमकी कुठली जागा, हे तिला विचारत असतो. "वर? खाली? इथं?" हा प्रश्न घरात एरवी किती वेळा ऐकू येतो?

विचारत विचारत चालवणं हीच वापरायची खरी रीत. सगळ्यात कमी वेगावर सुरू करायचं. दाबायचं नाही, यंत्राचं वजन टेकू द्यायचं आणि स्नायूवरून सावकाश सरकवत न्यायचं. एका जागी एक-दोन मिनिटं पुरेत. समोरच्यानं खांदा आखडला, श्वास रोखला, की तोंडानं "चालू दे" म्हणत असला तरी थांबायचं. हाडावर लावायचं नाही. मणक्यावर नाही, गुडघ्याच्या वाटीवर तर नाहीच. आजीचा गुडघा धरला असेल तर यंत्राऐवजी शेक द्या, डॉक्टरांना विचारा, उठता-बसता आधार द्या. मानेच्या पुढं आणि बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या असतात, तिकडं फिरकायचं नाही. ताजी सूज, फुगलेल्या निळ्या शिरा, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, पेसमेकर, ठिसूळ हाडं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. मधुमेहानं पाय बधिर झालेल्या माणसाला किती जोर होतोय हे कळतच नाही, म्हणून त्याच्या पायाला नको. हे सांगण्यात भीती घालायचा हेतू नाही. सायकल चालवून थकलेल्या एका तरुणीच्या मांड्यांवर मसाज गन चालवली गेली आणि स्नायूंचे अंश रक्तात उतरून तिची लघवी चहाच्या रंगाची झाली, अशी नोंद २०२१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. अशी उदाहरणं फार थोडी. पण जास्त जोर म्हणजे जास्त आराम, ही समजूत मोडायला एक पुरे.

आणि फायदा किती, तेही नीट माहीत असावं. २०२० मध्ये एका अभ्यासात १६ तरुणांच्या पोटरीवर पाच मिनिटं मसाज गन चालवली. घोटा वाकण्याची मजल सरासरी पाच अंशांनी वाढली. पायाची ताकद वाढलीही नाही, घटलीही नाही. म्हणजे आखडलेलं अंग थोडं सैल होतं, उठणं-बसणं सोपं होतं. त्यापलीकडं यंत्राकडून फार अपेक्षा धरू नये. स्नायू भरून येतात ते झोपेत, जेवणानं आणि मधल्या विश्रांतीनं. सहा तासांचीही झोप न मिळणाऱ्या बाईला मसाज गन आणून दिली आणि पहाटेची भांडी तिच्याच वाट्याला ठेवली, तर आणणाऱ्याचा हिशोब अर्धाच झाला. भांडी दुसऱ्या कुणी घासली, आणि ती अर्धा तास जास्त झोपली, तर कदाचित यंत्र लागणारही नाही. मग ते पैसे वाचले. दुकानदाराला हे आवडणार नाही, पण त्याच्याकडं घ्यायला येणारे दुसरे आहेत.

घेतलंच, तर एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून टाकावी, पहिला नंबर कुणाचा. ठरवलं नाही तर यंत्र घरातल्या सगळ्यात तरुण, सगळ्यात धडधाकट माणसाकडं जातं. तो पळतो, जिमला जातो, त्याला यंत्रांची नावं माहीत असतात, चार्जिंगही तोच करतो. त्याचा हक्क नाही असं नव्हे. पण संध्याकाळी जेवणं झाल्यावर, भांडी आवरल्यावर, ज्या माणसाचा हात गेले आठ दिवस सगळ्यात जास्त वेळा कमरेवर गेला, त्याला आधी बसवावं. ते माणूस "माझं काय, पोराला दे" म्हणणार. तेव्हा वाद घालत बसू नये. स्टूल पुढं सरकवावं आणि विचारावं, "वर की खाली?"